नुसतं विचारू नका, सोबत बसवा : गावातल्या पोरांसोबत अ‍ॅप कसं डिझाइन करायचं

"गाडी कुठी हाय हे पाहून का करू ताई? गेली का नाई गेली तेवढं सांगा ना."

सातवीतल्या एका पोरीने हे म्हटलं तेव्हा आमच्याकडे नकाशावाला पूर्ण आराखडा तयार होता. तालुक्याच्या शाळेत जाणाऱ्या पोरापोरींना गाडी कुठपर्यंत आली ते मोबाइलवर दिसावं असा विचार होता, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या मित्राने दोन रविवार घालवून त्याचे स्क्रीन पण काढले होते, नकाशावर सरकणारा छोटासा निळा ठिपका वगैरे. त्या पोरीचं म्हणणं साधं होतं. गाडी अजून यायची असली तर ती थांब्यावर उभी राहणार, गेली असली तर लगेच फाट्यापर्यंत चालत जाऊन काळीपिवळी पकडणार, आणि सगळा घोळ मधल्या अर्ध्या तासाचा, जेव्हा ती गेलेल्या गाडीची वाट पाहत उभी असते. म्हणजे तिला नकाशा नको होता, एका शब्दाचं उत्तर पाहिजे होतं. आम्ही मोठी चार माणसं महिनाभर बोललो आणि हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही सुचला नव्हता, कारण आमच्यातलं कोणीच रोज सकाळी त्या थांब्यावर उभं राहत नाही.

तेव्हापासून गेली काही वर्षं यवतमाळकडच्या गावांमध्ये मी पोरांना सोबत घेऊन असली कामं करते. शिक्षक, वाचनालय चालवणारे, संस्थेत काम करणारे, गावातून शहरात गेलेले इंजिनिअर असे बरेच जण विचारतात की हे नेमकं करायचं कसं, तर जे जमलं आणि जे चुकलं ते सगळं इथे एकदा नीट लिहून ठेवते.

आधी हे ठरवा की पोरं कशासाठी पाहिजेत

अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात अ‍ॅलिसन ड्रूइन नावाच्या बाईंनी या विषयात खूप काम केलं. तंत्रज्ञान बनवताना पोरांच्या चार भूमिका असू शकतात असं त्यांनी मांडलं. पहिली वापरणाऱ्याची, म्हणजे तयार झालेली वस्तू पोरं वापरतात आणि आपण बघतो. दुसरी तपासणाऱ्याची, अर्धवट तयार वस्तू त्यांच्या हातात देऊन कुठे अडतं ते शोधायचं. तिसरी माहिती देणाऱ्याची, गरज पडेल तिथे त्यांना विचारायचं. आणि चौथी भागीदाराची, म्हणजे काय बनवायचं हेच ठरलेलं नसताना पहिल्या दिवसापासून पोरं मोठ्यांच्या बरोबरीने बसतात. या सगळ्याचं मूळ स्कँडिनेव्हियात आहे, तिथे १९७० च्या दशकात कारखान्यांत कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा कामगार संघटनांनी आग्रह धरला की ज्याला त्या मशीनवर काम करायचं आहे त्याला ती कशी असावी यात बोलता आलं पाहिजे. तोच न्याय पुढे पोरांना लावला गेला.

ड्रूइन यांच्या टीमने पोरांसोबत बसून मुलांसाठी एक आंतरराष्ट्रीय डिजिटल वाचनालय बनवलं, ते २००२ मध्ये सुरू झालं. त्यात पुस्तक शोधायची एक सोय होती मुखपृष्ठाच्या रंगाने, लाल पुस्तकं, निळी पुस्तकं. कोणत्याच ग्रंथपालाने असं वर्गीकरण केलं नसतं, पण आपल्या गावच्या वाचनालयात जाऊन उभे राहा, पोरगं येऊन हेच म्हणतं, "ते पिवळं पुस्तक द्या ना."

माझा अनुभव असा की प्रत्येक वेळी चौथीच भूमिका पाहिजे असं काही नाही. तुमच्याकडे दोनच दिवस असतील तर पोरांकडून तपासून घ्या आणि त्यांना तसं स्पष्ट सांगा. वाईट तेव्हा होतं जेव्हा सगळं आधीच ठरलेलं असतं आणि पोरांना बोलावून, टाळ्या वाजवून घेऊन, फोटो काढून 'मुलांच्या सहभागातून' असं लिहिलं जातं. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे पोरांना वापरून घेणं, सजावटीला बसवणं आणि नावापुरतं विचारणं, यांना त्यांनी सहभागच मानलं नाही. आपण कुठल्या पायरीवर आहोत हे प्रत्येक बैठकीआधी स्वतःला विचारत जा.

परवानगी : आईवडिलांची, आणि पोराची वेगळी

हे काम कंटाळवाणं वाटतं पण इथे घाई करू नका.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येकजण मूल धरलंय. मुलाचा डेटा घ्यायचा तर आईवडिलांची खात्री करून घेतलेली संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांना हेरून जाहिराती दाखवणं याला मनाई आहे. त्यामुळे पहिला नियम असा ठेवा की लागत नाही ती माहिती घ्यायचीच नाही. आमच्या कागदांवर पोराचं पूर्ण नाव, जन्मतारीख, आधार यातलं काहीच नसतं.

आईवडिलांची भेट संध्याकाळी वावरातून आल्यावर घ्या, दिवसा घरी कोणी सापडत नाही. छापील फॉर्म देऊन सही मागू नका, समोर बसून वाचून दाखवा. मी साधारण असं बोलते : "काका, काकू, शनिवारी दोन तास पोरगी शाळेत बसन, आम्ही मोबाइलवरची एक गोष्ट बनवून राहिलो त्यात तिचं डोकं पायजे. फोटो घेणार नाई. आवाज घेतला तर तुमाले आधी ऐकवू, तुमी नाई म्हटलं तर पुसून टाकू. याचे पैसे भेटत नाईत आणि शाळेच्या मार्कावर बी काई फरक पडत नाई." पैशाचं आणि मार्कांचं पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर गावात भलतीच चर्चा होते.

मग पोराची स्वतःची परवानगी. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार १९८९ चा, भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला, त्याच्या १२ व्या कलमात आहे की मुलाशी संबंधित गोष्टीत त्याला मत मांडायचा हक्क आहे आणि वय आणि समज पाहून त्या मताला वजन दिलं पाहिजे. पण आपल्याकडे पोरगं ताईला किंवा सरांना तोंडावर नाही म्हणत नाही, मान खाली घालून बसून राहतं. त्यावर आम्ही एक युक्ती केली. सतरंजीच्या मधोमध बाटल्यांची लाल झाकणं ठेवतो. ज्याला आज नको वाटतं त्याने एक झाकण उलटं करायचं आणि उठून खेळायला जायचं, का म्हणून कोणी विचारायचं नाही, पुढच्या वेळी यायचं असेल तर यायचं. पहिल्या दिवशी दोघं गेले, पुढच्या शनिवारी दोघंही परत आले.

आणि एक, एकटा मोठा माणूस पोरांसोबत कधीच बसणार नाही, दोघं पाहिजेतच, त्यातली एक बाई, दार उघडं, आणि अंधार पडायच्या आत सगळी घरी.

टोळी जमवताना

सहा ते आठ पोरं पुरेत. वीस घेतली की ती शाळा होते.

माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पहिल्यांदा मी एका शाळेला सांगितलं, तुम्हीच पोरं निवडून द्या. शाळेने प्रेमाने आठ हुशार पोरं दिली, सगळी स्वच्छ गणवेशात, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर देणारी. एकालाही काही अडत नव्हतं, आणि अडतच नाही त्याच्याकडून काय अडतं ते कळणार कसं? आता मी अशी टोळी बनवते : एक-दोन वाचनात मागे असलेली, एखादं नेहमी गैरहजर राहणारं, निम्म्या पोरी, आणि जवळ पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती असेल तर तिथली पोरं. कोलामी बोलणारी, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी बोलणारी पोरं पुस्तकी मराठीत गप्प बसतात, त्याचा अर्थ त्यांच्याकडे कल्पना नाहीत असा काढू नका. दोघंजण एका बोलीचे घ्या म्हणजे आपसात तरी बोलतील, आणि सांगायचं काम त्यांच्यातल्या मोठ्याला द्या.

वय एकत्र कालवू नका. सात ते दहाची पोरं बिनधास्त बोलतात, करून दाखवतात. अकरा ते चौदाची आधी इकडेतिकडे बघतात की कोण हसतंय का. दोघांच्या बैठका वेगळ्या ठेवल्या की दोन्हीकडून चांगलं निघतं.

वेळ गावाच्या घड्याळाने

जूनमध्ये सुरू करायचं म्हणत असाल तर लक्षात ठेवा, उन्हामुळे विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, महिनाअखेरीकडे उघडतात. आणि लगेच पेरणीची धावपळ असते. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणी सुरू झाली की मोठी पोरं वावरात जातात, निदान लहान भावंडांना सांभाळायला घरी थांबतात. मार्चपासून सकाळची शाळा, दुपारी कोणी बाहेर पडू शकत नाही. आमचं बरं जमतं ते पोळा झाल्यापासून वेचणी लागेपर्यंत आणि मग जानेवारी-फेब्रुवारीत. पोरींना विचारून वेळ ठरवा, कारण नळ किंवा टँकर कधी येतो त्यावर त्यांची संध्याकाळ ठरते.

सामान

लॅपटॉप, प्रोजेक्टर काही नको, लाइटचा भरोसा नसतो आणि मशीन आलं की सगळी पोरं त्याच्याकडेच बघत बसतात. साबणाचे-बिस्किटांचे रिकामे खोके, जुन्या वह्यांची पाठकोरी पानं, गोंद, दोरा, खडू, कापूस तर घरोघरी आहेच, बांगड्यांचे तुकडे नकोत कारण हात कापतो, आणि ज्वारीचे धांडे. धांड्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, करणारी पोरं कुठलंही यंत्र धांड्यातून उभं करतात. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी कसे नटवतात ते आठवा, एका नंदीसारखा दुसरा नसतो. डिझाइन म्हणजे काय ते या पोरांना शिकवावं लागत नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये नई तालीमची कल्पना मांडली गेली ती हाताने काम करत शिकायचीच होती, आपल्याच मातीतली गोष्ट आहे ती.

पहिल्या दोन बैठकांत फोन काढू नका

मेरीलँडच्या त्या टीममध्ये बैठकीची एक ठरलेली रीत आहे : आधी खाऊ, मग गोल बसून दिवसाचा एक प्रश्न, मग काम, शेवटी सगळ्यांनी मिळून काय निघालं ते बघायचं. तिथे मोठ्यांनाही नावाने हाक मारतात आणि बोलायला हात वर करावा लागत नाही. आपल्याकडे मोठ्या माणसाला नावाने हाक मारायला सांगितलं तर पोरं तोंडच उघडणार नाहीत, तो हट्ट धरू नका. "मॅडम" नको, "ताई" म्हणा, एवढं पुरतं. पण जागा मात्र सारखी पाहिजे. खुर्ची काढून टाका, सगळे एकाच सतरंजीवर, शिक्षक बसणार असतील तर तेही खाली. हे बोलायला सोपं आहे, एका गुरुजींना गुडघ्याचा त्रास होता म्हणून त्यांना खुर्ची दिली तर सगळी पोरं आपोआप त्यांच्याकडे तोंड करून बसली आणि दर वाक्यानंतर त्यांच्याकडे बघायला लागली. शेवटी गुरुजीच म्हणाले की मी बाहेर ओट्यावर बसतो.

खाऊ म्हणजे चिवडा, केळं, फल्लीदाणे, जे असेल ते. प्रश्न असा विचारा ज्याचं उत्तर चुकूच शकत नाही : आज शाळेत येताना काय दिसलं? घरात सगळ्यात जास्त आवाज कशाचा येतो? याच प्रश्नातून आम्हाला फोनचं खरं कळलं. "तुझ्या घरी फोन कुठे असतो?" एक पोरगं म्हणालं, "बाबाजवळ रायते, तो वावरात घेऊन जाते." आठपैकी सहा घरांत सकाळी फोन घरात नव्हताच. म्हणजे पोरांसाठी अ‍ॅप बनवायला निघालेल्या आम्हाला पहिल्यांदा हे समजलं की ज्या वेळेला गरज आहे त्या वेळेला पोराच्या हातात फोनच नाही.

चिठ्ठ्या आणि खोके

दोन रीती मी कायम वापरते, बाकीच्या तुम्ही शोधत जाल.

चिठ्ठ्यांची अशी : एखादी तयार वस्तू, मग ते दुसऱ्या कोणाचं अ‍ॅप असू दे नाहीतर गावातला नोटीस बोर्ड, पोरांनी जोडीने वापरायची, आणि प्रत्येक गोष्टीला वेगळी चिठ्ठी लिहायची. आवडलं, नाही आवडलं, असं पाहिजे होतं. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. ज्याला लिहिता येत नाही त्याने चित्र काढायचं किंवा सांगायचं, आपण त्याच्याच शब्दांत लिहायचं, सुधारायचं नाही. मोठ्यांनीही चिठ्ठ्या लिहायच्या. मग सगळ्या भिंतीवर लावून सारख्या सारख्या जवळ आणायच्या, जिथे गठ्ठा मोठा तिथे काम. परसबागेच्या एका अ‍ॅपमध्ये एका पोरीने चिठ्ठी लिहिली, "कोथिंबीर मंजे कोणती भाजी?" चित्र होतं तरी तिला शंका होती, कारण आमच्याकडे त्याला सांबार म्हणतात. मुंबईतल्या माणसाला सांबार म्हटलं की इडली आठवते. असे शब्द एकट्याने बसून सापडत नाहीत.

खोक्यांची रीत म्हणजे सामानाचा ढीग मधे टाकायचा आणि दोन-तीन जणांच्या गटाने वस्तू बनवायची, सोबत एक मोठा माणूस. मोठ्याने फक्त विचारायचं, "हे काय करते? मग काय होते? आणि लाइट गेली तर?" लहान पोरं आपलीच कल्पना धरून बसतात, भांडतात, तर आधी प्रत्येकाने स्वतःची बनवायची, मग दोन कल्पना जोडून एक, मग त्या दोन जोडून एक. कोणाची टाकली असं वाटत नाही. आणि वस्तू कशी दिसते यावर जाऊ नका. एका गटाने गाडीसाठी कोंबडा बनवला, गाडी आली की तो ओरडतो. कोंबडा आम्ही बनवला नाही, पण त्यातली गोष्ट घेतली : पाहायला नको, ऐकू आलं पाहिजे.

कागदाचा फोन

इथे जरा थांबून सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त इथेच शिकायला मिळतं.

बिस्किटांच्या पुड्याच्या पुठ्ठ्याला फोनएवढी खिडकी कापा. मागून सरकतील अशा पट्ट्या, प्रत्येक पट्टी म्हणजे एक स्क्रीन. एक पोरगं "फोन" बनतं, ते पट्ट्या सरकवतं. दुसरं वापरतं, बोटाने दाबतं. तिसरं थांब्यावरची बाकीची माणसं बनतं. आणि मोठ्यांनी तोंड बंद ठेवायचं.

आमचं नाटक असं झालं. फोन बनलेल्या पोराने नकाशाची पट्टी सरकवली. वापरणारी ती सातवीतली पोरगी बघतच राहिली, मग तिने पुठ्ठाच कानाला लावला. फोन बनलेला गोंधळला, आणि मग स्वतःच बोलला, "गाडी निघाली." तिने पुठ्ठा खाली ठेवला आणि दप्तर उचललं. झालं. पाच सेकंद. तिसरा, जो पानठेल्यावरचा काका बनला होता, तो म्हणाला, "फोन माह्याजवळ ठेवा ना, मी तर दिवसभर इथीच बसतो."

त्या एका नाटकातून आराखडा बदलला. पहिल्या गावातला किराणा दुकानदार गाडी निघाली की एक बटण दाबतो, पुढच्या थांब्यांवरच्या ठेल्यांच्या साध्या फोनवर कॉल जातो आणि आवाज येतो. नकाशा नाही, पोरांच्या घरी स्मार्टफोन लागत नाही, कोणाची नोंदणी नाही. कोणती पोरगी कोणत्या थांब्यावर किती वाजता एकटी उभी असते ही माहिती कुठेच साठत नाही. ती साठणं धोक्याचं आहे हे आपण मोठ्यांनी बघायचं असतं. पोरं भागीदार आहेत म्हणजे सुरक्षेची जबाबदारी त्यांच्यावर टाकली असं होत नाही.

तपासताना

हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे पाच गोल काढून "किती आवडलं" असं विचारायची पद्धत जगभर आहे, आणि ही अडचण पण जगभर आहे की लहान पोरं बहुतेक सगळ्याला सगळ्यात हसरा चेहरा देतात. आमच्याकडे तर एकीने नंतर सांगितलं, "मले वाटलं तुमाले वाईट वाटन." त्यापेक्षा विचारा, "पुन्हा करशील का? हो, नाही, कदाचित," आणि दोन-तीन गोष्टींत तुलना करायला लावा. त्याहून चांगलं म्हणजे एका पोराला ते दुसऱ्याला शिकवायला सांगा आणि तुम्ही बाजूला बसा. शिकवताना जिथे ते अडखळतं, "हे दाब, नाई नाई ते नाई," तिथे चूक तुमच्या डिझाइनची आहे. पोराला आधीच सांगा की परीक्षा वस्तूची आहे, तुझी नाही, आणि हे दोनदा सांगा कारण शाळेच्या खोलीत बसलेलं पोरगं पहिल्यांदा विश्वास ठेवत नाही.

परत जा

बरेच जण इथे गळतात. काम झालं, पोरांकडून पाहिजे ते मिळालं, आणि पुन्हा गावात कोणी जात नाही. पोरं विचारत राहतात, ताई आमच्या कोंबड्याचं काय झालं.

शेवटची बैठक आधीच तारखेसकट ठरवून ठेवा. भिंतीवर सगळ्या चिठ्ठ्या परत लावा आणि एकेक करून सांगा, ही घेतली, ही घेतली नाही, ही पैशामुळे जमली नाही, ही मला पटली नाही आणि का पटली नाही. पोरं वाद घालतील, घालू द्या, दोनदा तरी मी अशा वादात हरले आहे आणि डिझाइन बदललं आहे. कुठे नाव द्यायचं असेल तर पोराला आणि घरच्यांना विचारूनच.

आमच्या त्या शेवटच्या बैठकीत आईवडिलांची परवानगी घेऊन त्या पोरीचाच आवाज फोनवर लावला होता, "गाडी निघाली." सगळे टाळ्या वाजवत होते. तिने मात्र दोनदा ऐकलं आणि म्हणाली, "पुन्हा करा लागते ताई, ठेल्यावर गाणे चालू रायतात, इतकुशा आवाजात कोणाले आयकू येईन?" मग शाळेच्या मागे, जिथे पोरांचा गलका कमी होता, तिथे उभी राहून तिने दोन्ही हात तोंडाशी धरून वावरात हाक मारतात तशा आवाजात पुन्हा म्हटलं, आणि तोच आवाज आम्ही ठेवला.